दुनाळीच्या टोप्या आणि तिसरा डबा

बाई, तुला जाऊन सोळा दिवस झाले. लोक येऊन गेले. पवनीचे आले, आसगावचे आले, तुझ्या दोन्ही नणंदा लाखांदूरहून एसटीनं आल्या आणि स्टँडपासून घरापर्यंत रडतच आल्या. अंगणातल्या मांडवात बसून प्रत्येकानं तुझं काही ना काही सांगितलं. तुझ्या हातच्या झिंग्यांची चव, बाजारात गिऱ्हाईकाला गप्प करणारी तुझी जीभ, कोणाच्या बाळंतपणात तू किती धावलीस ते. फटफटीचंही निघालं, पण हसण्यावारी, एखाद्याची लकब सांगावी तसं. पहेला गावाच्या पुढे, भर पावसात तू काय केलंस ते कोणी बोललं नाही. बोलणार कोण? तिथं आपण दोघं बहीणभाऊच होतो. आता मी एकटा उरलो, म्हणून ही वही काढून बसलो आहे.

मला लिहिता येतं ते मच्छीमार सोसायटीच्या इतिवृत्तापुरतं. ‘चर्चेअंती मंजूर’, ‘सर्वानुमते ठरले’. तू त्या भाषेला हसायचीस. म्हणायचीस, "बापू, तुह्या वहीत मानसं कधी भांडतच नाहीत." आज भांडणासकट लिहितो.

भाऊजींनी ती गाडी आणली आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी. कालव्याच्या कामावरचा एक ओव्हरसियर बदली होऊन चालला होता, तो विकून गेला. दोन सिलिंडर, दोन सायलेन्सर, तांबडी टाकी. गावानं पहिल्याच दिवशी तिचं नाव दुनाळी ठेवलं, दोन नळ्यांच्या बंदुकीसारखी म्हणून. मागे टोपली बांधून भाऊजी पवनीच्या बाजारात मासे नेऊ लागले. पण पुढच्याच उन्हाळ्यात तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, दुरुस्त करताना ते वरून थेट दगडावर आले. उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. हळूहळू चालू लागले, पण किक मारणं संपलं.

गाडी विकून टाका, असं सगळ्यांत आधी मीच म्हणालो. पडवीत उभी राहून गंजेल, त्यापेक्षा कोणाच्या कामी तरी येईल. भाऊजी खाटेवर पडून छताकडे पाहत होते. तू चुलीपुढून उठलीस, हात पुसलेस आणि म्हणालीस, "कायले विकाची? पाय ह्यांचा मोडला. माहे दोनी शाबूत आहेत."

मला वाटलं तू रागानं बोलतेस. चार दिवसांनी तलावाच्या पारेवर तुला लुगड्याचा कासोटा घट्ट खोचून गाडीवर बसलेली पाहिलं, तेव्हा कळलं की तू खरंच बोलत होतीस. भाऊजी ताठ पाय पसरून दगडावर बसले होते आणि क्लच सोड, क्लच सोड म्हणून ओरडत होते. तू तीनदा पडलीस. एकदा पोटरी सायलेन्सरला चिकटली आणि तळहाताएवढी कातडी निघाली. पाचव्या-सहाव्या दिवशी तू पारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलीस, वळवता येईना म्हणून तिथंच उतरलीस, गाडी हातानं फिरवलीस आणि परत आलीस.

गाव किती हसलं ते तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते हे की मलाही लाज वाटत होती. सोसायटीचा सचिव होतो, चार माणसांत उठबस होती. तुझ्या गाडीचा आवाज आला की मी दुसऱ्या बोळीत वळायचो. लोकांनी "तुमच्या बाई गेल्या आत्ता" म्हटलं की विषय बदलायचो. आणि तू मात्र दर चार दिवसांनी अंगणात गोणपाट पसरून प्लग काढायचीस, त्याच्यावरची काजळी घासायचीस, मासोळीचे खवले काढावेत तशी, मन लावून. भाऊजी खाटेवरून नुसत्या कानानं सांगायचे, डावी नळी मागं पडून राहिली आहे. तू तेवढंच पाहायचीस. दोघांचं मिळून एक माणूस झालं होतं त्या गाडीपुरतं.

मग तो जुलै आला. तुला मी हे कशाला सांगतो आहे? पण वही कधी दुसऱ्या कोणाच्या हाती पडली तर त्याला कळावं. आपल्या तलावात दरवर्षी माशांचं बी सोडावं लागतं. ते बंगालकडून आगगाडीनं वरठीच्या स्टेशनावर येतं. प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, वर ऑक्सिजन भरून तोंड आवळलेलं, आणि पाण्यात जिऱ्याच्या दाण्यांएवढी पिल्लं, एकेका पिशवीत हजारोंनी. पिशवी फाटू नये म्हणून घासलेटच्या रिकाम्या डब्यात बसवलेली. आतली हवा संपायच्या आत ती पिल्लं गावच्या पाण्यात पडली पाहिजेत. नाही पडली तर वर्षभर तलाव रिकामा, आणि तलाव रिकामा म्हणजे आपली चाळीस घरं रिकामी.

त्या वर्षी आपल्या वाट्याला तीन डबे होते. नेहमीच्या जीपवाल्यानं ऐन सकाळी निरोप पाठवला की जीप बंद आहे. एसटीत पाण्याचे डबे घेत नसत. अध्यक्ष गोविंदाजी सोसायटीच्या ओट्यावर डोक्याला हात लावून बसले होते. तू तिथून टोपली घेऊन चालली होतीस, थांबलीस, ऐकलंस आणि म्हणालीस, "दुनाळी आहे ना. बापू सहीसाठी मांगं बसल."

गोविंदाजींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याजवळ दुसरा काही उपाय नव्हता. बहिणीच्या मागे फटफटीवर बसून गावातून जायचं या कल्पनेनं माझे कान तापले होते, हे आज लिहायला हरकत नाही. मान खाली घालून बसलो. आसगाव गेलं, पवनी गेली, अड्याळ गेलं, भंडारा आलं, आणि वरठीला आपण पार्सल उतरायच्या आधी पोचलो. स्टेशनावरचे हमाल तुला पाहून थांबले. तू त्यांच्याकडे लक्ष न देता डबे कसे बांधायचे ते पाहत होतीस. दोन डबे दोन बाजूंना लटकवलेस, तिसरा माझ्या मागे कॅरिअरवर, सगळे सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून. पार्सलसोबत आलेला माणूस म्हणाला, दुपारपर्यंत दम धरतील, त्यापुढे माझा भरवसा नाही.

पावसानं भंडाऱ्यातच गाठलं. पहेलं मागं टाकलं आणि दुनाळीची उजवी नळी गप्प झाली. मागे बसून मलाही कळलं, गाडी लंगडायला लागली. थोड्या वेळात डावीही गेली. दोन्ही बाजूंना धानाची रोवणी चाललेली बांधी, म्हणजे खाचरं, वर पाऊस, आणि रस्त्याच्या कडेला मेलेली गाडी. बांधीतल्या बाया वाकल्या होत्या त्या सरळ झाल्या आणि पाहू लागल्या.

मी लगेच शहाणपणा सुरू केला. कार्बोरेटरमध्ये पाणी गेलं, उघडून फुंकायला पाहिजे. तू आधी प्लग काढलेस. पेट्रोलनं ओले होते. म्हणालीस, पेट्रोल येऊन राहिलं, जळून नाही राहिलं, तर कार्बोरेटरचा काय दोष? मी म्हटलं, मग ट्रक थांबवू, डबे त्यात टाकू. तू म्हणालीस, थांबव. मी हात दाखवला, दोन ट्रक चिखल उडवून निघून गेले. तू प्लग पुसून परत बसवलेस आणि किक मारायला लागलीस. मला वाटलं वायर ढिली असेल, म्हणून मी प्लगवरची टोपी दाबायला हात लावला, आणि खांद्यापर्यंत असा झटका बसला की मी रस्त्यावर बसलो.

तुला हसू आलं. मग एकदम हसू थांबलं.

"कुठं लागला रे झटका? वायरले हात लावला का टोपीले?"

मी म्हटलं, टोपीला.

"टोपी त रबराची, बंद असते. तिच्यातून तुले कसा लागला?"

तू बांधीतल्या बायांना हाक मारलीस. दोघीजणी चिखलाच्या हातांनी वर आल्या. तू आपलं मेणकापड त्यांच्या हाती दिलंस आणि इंजिनावर असं धरायला लावलंस की आत अंधार झाला. तू आत डोकं घातलंस आणि मला किक मारायला सांगितलंस. मी मारत राहिलो. मेणकापडाखालून तुझा आवाज आला, "पाह्य. इकडं ये, पाह्य."

मी वाकून पाहिलं. टोपीला केसाएवढी चीर होती. प्रत्येक किकेला त्या चिरेतून निळी ठिणगी उडत होती आणि टक् टक् करत बाजूच्या लोखंडात जिरत होती. दुसऱ्या टोपीचंही तेच.

"करंट प्लगात जाऊनच नाही राहिला," तू म्हणालीस. "रस्त्यातच उतरून राहिला, फुकट्या पॅसिंजरावानी."

त्या दोन बाया हसल्या. त्यातली म्हातारी मला म्हणाली, "तुमची कोन होय हे?" मी म्हटलं, बहीण. बाई, त्या दिवशी पहिल्यांदा मी तो शब्द मान वर करून बोललो. तुझं लक्ष नव्हतं, तू कमरेचा चाकू काढत होतीस.

पुढचं मी इतक्या वेळा मनात पाहिलं आहे की आता स्वतःच करू शकेन असं वाटतं. टोप्या तू पिळून वायरीवरून काढल्यास. वायरीची टोकं आत काळी पडली होती, ती दोन बोटं कापलीस. वरचं रबर सोलून तांब्याच्या तारा मोकळ्या केल्यास, प्लगच्या डोक्यावरची बारीक नट सैल करून तारा तिच्याखाली गुंडाळल्यास आणि नट आवळलीस. आता त्यावर पाणी बसू नये म्हणून रबर हवं होतं. तू इकडे तिकडे पाहिलंस, कॅरिअरवरच्या तिसऱ्या डब्याची ट्यूबची पट्टी सोडलीस आणि तो डबा माझ्या मांडीवर दिलास. "हा तू धर," म्हणालीस.

आता ते लिहितो, ज्याच्यासाठी वही काढली.

तू पाठ करून पट्ट्या गुंडाळत होतीस. मी झाडाच्या बुंध्याशी डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. डब्यात पाहिलं तर पिल्लं पिशवीच्या तळाशी बसली होती, हलत नव्हती. मला वाटलं मेली. आत भीती शिरली. गावात काय सांगू? नीट दिसावं म्हणून मी पिशवीच्या तोंडाची दोरी सोडली. फुस्स करून हवा गेली. पिशवी माझ्या हातात ढिली पडली. आणि त्याच क्षणी पिल्लं तळातून उठली, सगळीच्या सगळी, जिवंत. मी घाईघाईनं दोरी आवळली, पण गेलेली हवा कुठून आणणार होतो?

गाडी चालू झाली. दोन्ही नळ्या एकदम बोलल्या. रोवणीवाल्या बाया ओरडून काहीतरी म्हणाल्या. तू मागे वळलीस, माझ्या मांडीवरच्या डब्याकडे पाहिलंस. मघाशी फुगलेली पिशवी आता डब्याच्या काठाखाली बसली होती. तू माझ्या हातांकडे पाहिलंस, मग माझ्या तोंडाकडे.

"बस," म्हणालीस. "धरून बस."

एवढंच.

अड्याळ आलं तेव्हा हादऱ्यानं एका वायरीच्या तारा तुटल्या आणि एक नळी पुन्हा गेली. तू गाडी एका दुरुस्तीच्या दुकानापुढे लावलीस. दुकानदारानं तुला पाहिलं, मला पाहिलं आणि माझ्याशीच बोलला. ठेवून जा, जेवण झाल्यावर पाहतो. तू म्हणालीस, पाहायचं काही नाही, दोन टोप्या दे. तो म्हणाला, बाई, टोपी बदलणं म्हणजे बटण लावणं नव्हे. तू हात पुढे करून उभी राहिलीस. त्याच्याकडे एक बरोबरची होती, दुसरी दुसऱ्या गाडीची, वाकड्या मानेची. तू दोन्ही घेतल्यास.

तू नव्या टोपीच्या तोंडात बोट घालून पाहिलंस, मग प्लगवरची ती बारीक नट काढून टाकलीस, कारण ही टोपी थेट आट्यावर बसणारी होती. ते पाहिल्यावर दुकानदार बोलायचा थांबला. वायरीचं टोक पुन्हा ताजं कापलंस, सरळ, विळीवर कापल्यासारखं. टोपी एका हातात घट्ट धरून वायर आत ढकलत फिरवलीस, आतला स्क्रू तांब्यात रुतेपर्यंत. ओढून पाहिलीस. निघाली नाही. वायर आत शिरते तिथं बोटभर ग्रीस लावलंस. दुसरी तशीच. वाकडी टोपी टाकीला घासत होती, ती अर्धी फिरवून बसवलीस. पहिल्या किकेला गाडी बोलली. दुकानदार फडकं घेऊन पुढे आला आणि त्यानं ते तुला दिलं, हात पुसायला. मी ते पाहिलं, बाई. कोणी हार घातला असता तरी मला तेवढं वाटलं नसतं.

आपण गावात पोचलो तेव्हा लोक बोडीच्या काठावर उभे होते. लहान पिल्लं आधी त्या छोट्या तळ्यात वाढवायची, मग तलावात सोडायची. गोविंदाजी म्हणाले, लवकर ओता. तू ओतू दिलं नाहीस. पिशव्या न सोडता पाण्यावर तरंगत ठेवल्यास, आतलं नि बाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत. लोक चुळबुळत होते, तू कमरेएवढ्या पाण्यात पिशव्यांवर हात ठेवून उभी होतीस. मग पहिली सोडलीस. पिल्लं धुरासारखी पाण्यात पसरली. दुसरीही तशीच. तिसरी सोडलीस आणि तळाशी पांढरे दाणे दिसले. हलणारं काही नव्हतं.

गोविंदाजींनी विचारलं, हा कसा मेला? मी काठावर होतो. माझं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तू म्हणालीस, "मीच खड्ड्यात गाडी घातली. पिशवी दबली."

आणि मी वहीत लिहिलं, ‘तिसरा डबा प्रवासात दगावला.’

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित विसरलोही असतो. पण पोळ्यानंतरच्या सभेत तू आलीस आणि दारात उभी राहून म्हणालीस की मला सोसायटीचं सभासद करा. एकाही बाईचं नाव सभासदांच्या यादीत नव्हतं. बाया मासे विकायच्या, सभासद पुरुष. तू म्हणालीस, मासोळी पकडणं, नेणं, विकणं, बी आणणं, सगळं मी करते, मग यादीत मी का नाही? बरेच जण हो म्हणायच्या बेतात होते. तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, तीन डबे आणाले पाठवली, एक मारून आणला.

माझ्या हातात पेन होतं. एक वाक्य बोलायचं होतं. तू माझ्याकडे पाहिलं असतंस तर मी बोललो असतो, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. तू पाहिलं नाहीस. आता मला कळतं, तू मुद्दामच पाहिलं नाहीस. मी लिहिलं आणि वाचून दाखवलं, ‘सदर अर्ज पुढील वर्षी विचारात घ्यावा.’ तू ते ऐकलंस, पदर खोचलास आणि निघून गेलीस. सायंकाळी घरी आलो तर तुझ्याकडून वाटीभर झिंगे आले होते, नेहमीसारखे.

त्या दोन डब्यांतल्या पिल्लांनी काय केलं ते सगळ्या गावानं उन्हाळ्यात पाहिलं. जाळं ओढायला सहा माणसं जास्त लावावी लागली. पुढच्या जुलैत जीप ठीक होती, तरी गोविंदाजी स्वतः तुझ्या अंगणात आले. तू प्लग घासत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "पयले सभासद करा. मंग जातो."

झालीस. यादीत तुझं नाव मी माझ्या हातानं लिहिलं, आणि तू पुढे सही केलीस, अक्षर ठळक, थोडं तिरपं. त्यानंतर दर वर्षी बी तूच आणलंस. पावसाच्या आधी, आभाळ भरून येऊ लागलं की तू दुनाळीच्या दोन्ही टोप्या काढून टाकायचीस आणि नव्या बसवायचीस, जुन्या चांगल्या दिसत असल्या तरी. भाऊजी म्हणायचे, कशाला उगाच. तू म्हणायचीस, चीर दिसत नाही तोच काळ वाईट. तुझ्या हातून पुन्हा एकही डबा मेला नाही. आज यादीत सात बायांची नावं आहेत. त्यातल्या दोघींना टोपी बदलता येते, तूच शिकवलीस. मला मात्र शेवटपर्यंत शिकवू शकली नाहीस. दर उन्हाळ्यात म्हणायचीस, बापू, पारेवर चल, आठ दिवसांत शिकवते. मी हसून टाळायचो. आणि कार्बोरेटरात थोडं तरी पाणी गेलंच होतं, हे माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. तू नाहीस म्हणून मी जिंकलो असं मानू नकोस.

परवा सोसायटीची सभा झाली. या वर्षी वरठीला कोण जाणार ते ठरवायचं होतं. त्याआधी तुझ्यासाठी शोकप्रस्ताव. मी तो सकाळीच नेहमीच्या भाषेत लिहून ठेवला होता. वाचायला उभा राहिलो आणि पहिल्या ओळीनंतर वाचता येईना. कागद खाली ठेवला आणि सांगून टाकलं. झाड, मांडीवरचा डबा, दोरी, हवा, सगळं. बाईनं खड्ड्यात गाडी घातली नव्हती. पिशवी मी सोडली होती. आणि ज्या सभेत तिचा अर्ज मागे पडला, तिथं मी गप्प बसलो होतो.

गोविंदाजी आता थकले आहेत, ऐकायलाही कमी येतं. त्यांनी शेजाऱ्याकडून पुन्हा विचारून घेतलं. मग मला म्हणाले, "एवढे वर्षं काहून नाही सांगतला?"

भाऊजी भिंतीला टेकून, पाय पसरून बसले होते. तू गेल्यापासून ते फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "मले माहीत होता."

सगळे त्यांच्याकडे वळले. मीही.

"त्याच दिवशी तिनं सांगतला होता," भाऊजी म्हणाले. "ओलीचिंब येऊन बसली आन सांगतला, बापूनं पिशवी सोडून पाह्यली. मी म्हटलो, मंग लोकांले सांग ना, तू कायले डोक्यावर घेतेस? सभेच्या दिवशीबी म्हटलो. तर म्हने, नाही. तो सांगल. आपुनच सांगतलो त त्याच्यासाठी काय उरल?"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दर साली वरठीहून आली का मले म्हने, या साली सांगल पाहा."

बाई, मी तिथं उभा होतो, चाळिशी उलटलेला माणूस, सगळ्या सभेसमोर, आणि मला रडूही येत होतं आणि छाती फुगूनही आली होती. ही माझी बहीण होती. गाडीचा दोष जिथं कोणाला दिसत नव्हता तिथं तिनं अंधार करून पाहिला, आणि माझा दोष तिला उजेडात दिसत असून तिनं त्यावर दहा वर्षं हात ठेवला, मी स्वतः उघडावा म्हणून.

उशीर झाला. तू ऐकायला नव्हतीस. पण माझ्याच तोंडानं सांगितलं, बाई. तुझा अंदाज चुकला नाही.